डोंगरावरची सावलीतली बाग : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणाचा चिखलदऱ्याचा प्लॉट, कुणाच्या पचमढीच्या घराचं मागचं अंगण, कुणी तामियाकडे घेतलेली थोडी जमीन. खाली एकच ओळ असते : "ताई, इथे सावली आहे, काय लावू?" तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून ही यादी. जिथे "प्रश्न अमुक पाहा" लिहिलंय तिथे खरंच पाहा. ते पुन्हा लिहिलेलं नाही.

१. नर्सरीवाला प्रत्येक रोपाला "सेमी शेड" म्हणतो. म्हणजे नेमकी किती सावली?

दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली कडेसकट स्पष्ट पडली तर ती जागा उन्हाचीच आहे. कडा पुसट पण हात ओळखू येतो, तर विरळ सावली. कागदावर काहीच उमटलं नाही तर दाट सावली. सकाळी तीन-चार तास ऊन आणि मग सावली असलेली जागा चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात भाग्यवान. हीच चाचणी जुलैत केली तर एक उत्तर मिळेल, मेमध्ये केली तर दुसरं. मेचं उत्तर खरं धरा. का, ते प्रश्न ४ मध्ये.

२. नागपूर आणि चिखलदरा तसं जवळच. झाडांच्या दृष्टीने एवढा काय फरक पडतो?

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशेबाने वर पाचेक अंशांचा थंडावा मिळतो. मेमध्ये हा फरक रोपाला जीवदान देतो. पण पाऊस दोन्हीकडे सारखाच अडचणीचा, कारण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. चिखलदऱ्यात पावसाळ्यात ढग घरात शिरतात, भिंतींना बुरशी येते आणि तोच उतार फेब्रुवारीत खडखडीत कोरडा असतो. पाणी बेसाल्टच्या खडकावरून वाहून जातं, वर माती वीतभर आणि खाली मुरूम.

पचमढीची उंची जवळपास तेवढीच, सुमारे १,०६७ मीटर. खडक मात्र वालुकाश्म. माती रेताड, पाणी पटकन मुरतं, आणि खोल दऱ्यांत ओल टिकते म्हणून तिथे नेच्यांची चंगळ असते, वृक्षनेचेसुद्धा. त्यामुळे पचमढीच्या दरीत पाहिलेलं झाड चिखलदऱ्याच्या पठारावर लावायचं ठरवू नका.

३. मनालीला गेलो होतो. देवदार, बुरांश, हायड्रेंजिया फार आवडले. चिखलदरा थंड हवेचंच ठिकाण आहे, तिथे येतील ना?

देवदार आणि बुरांश विसरा. बुरांश हिमालयात साधारण दीड हजार मीटरच्या वर राहतो, त्याला आम्लधर्मी, पालापाचोळ्याची माती आणि खरा हिवाळा लागतो. मीही एकदा उत्तराखंडातून एक रोप मांडीवर घेऊन आणलं होतं. नागपुरात कूलरच्या खोलीत ठेवलं, शेजारच्या काकू त्याला "पाहुणा" म्हणायच्या. नवतपा (मेअखेरचे नऊ तापलेले दिवस) लागायच्या आधीच पाहुणा गेला.

हायड्रेंजिया जमू शकतो, पण कुंडीत, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असलेल्या ओट्यावर, आणि रोज पाणी घालणारं माणूस असेल तर. माती आम्लधर्मी असली की फुलं निळी होतात, अल्कधर्मी असली की गुलाबी. नागपूरच्या काळ्या मातीत निळी फुलं येत नाहीत म्हणून नर्सरीवाल्याशी भांडू नका.

४. भाऊचा प्लॉट सागाखाली आहे. पावसाळ्यात लावलेली झाडं मेपर्यंत वाळून जाऊन राहिली. काहून?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बाकी निम्म्या प्रश्नांचं मूळही इथेच आहे.

आपण डोंगरावर जातो जुलै-ऑगस्टमध्ये. भजी खातो, धुकं बघतो, सागाची ताटाएवढी पानं पाहून म्हणतो, "काय सावली आहे!" मग सावलीची रोपं लावतो. पण सातपुड्याचं जंगल पानगळीचं आहे. साग उन्हाळ्यात उघडाबोडका उभा असतो. म्हणजे ज्या महिन्यांत रोपाला सावलीची गरज, तेव्हा ती नसते. आणि ज्या महिन्यांत ढगामुळे आधीच उजेड कमी, तेव्हा ती दाट असते. शिवाय सागाची मुळं मातीतली उरलेली ओल पिऊन घेतात. इंटरनेटवर वाचलेली सावलीतली बाग बहुतेक थंड, ओल्या देशांची असते, तिथे सावली म्हणजे ओल. आपल्याकडे सावली म्हणजे ओल, हे समीकरण ऑक्टोबरनंतर मोडतं.

उपाय दोन. एक, सागाखाली तीच झुडपं लावा जी मुळातच सागाच्या जंगलात राहतात आणि उन्हाळ्यात स्वतःही पानं टाकून गप्प बसतात : मुरुडशेंग, कुडा, पारिजातक. दुसरा, उन्हाळ्यात पानं असणारं एखादं झाड पश्चिमेला लावून खरी सावली तयार करा (प्रश्न ५). आणि जागा पक्की करण्याआधी एकदा मेमध्ये चक्कर टाका. जमिनीचं खरं रूप तेव्हाच दिसतं.

५. सावलीसाठी मोठं झाड एकच लावायला जागा आहे. कोणतं लावू?

मी कोशिंब सांगते, आणि लोकांना ते नावच माहीत नसतं. काही जण त्याला कुसुम म्हणतात. मार्चच्या आसपास त्याला लालभडक कोवळी पालवी येते, लांबून फुलंच वाटतात, आणि बाकी जंगल वाळलेलं असताना त्याखाली गार सावली असते. वाढतं मात्र सावकाश. मुलांसाठी लावताय असं समजा.

घाई असेल तर करंज. उन्हाळ्याच्या तोंडावर थोडे दिवस पानं टाकतो आणि लगेच पोपटी होतो. जांभूळ आणि आंबा बारमाही हिरवे, सावली उत्तम, पण जांभूळ घराला चिकटून नको, कारण प्रश्न १६. बकुळ अंगणासाठी सुंदर, फार ऐसपैस होत नाही आणि लहान वयात सावलीही सोसते. मोठं होणारं झाड घरापासून आठ-दहा मीटर लांब. पठाराच्या कडेवर वाऱ्याच्या तोंडी शेवगा किंवा गुलमोहर नको, फांद्या कडाकड मोडतात.

६. अशोक सावलीत वाढतो म्हणतात. मी दहा लावले, ते तर उंच खांबासारखे वाढले. फसवलं का मला?

तुम्हाला मिळाला तो आसुपालव, ज्याला लोक खोटा अशोक म्हणतात. सीता अशोक वेगळा : पसरट, बुटका, खोडाफांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ. तो मूळचा दाट सदाहरित जंगलातला, मोठ्या झाडांच्या खाली राहणारा, म्हणून सावलीसाठी खरोखर योग्य. मात्र त्याला उन्हाळाभर पाणी लागतं. नर्सरीत कोवळी पानं बघा : सीता अशोकाची पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी असते, एका दांड्यावर पानांच्या जोड्या असतात. आसुपालवाची पानं सुटी, लांब, कडा लाटांसारख्या.

७. झाडाखाली झुडपं कोणती? फुलंही हवीत.

फुलं आणि दाट सावली यांचं फारसं जमत नाही, हे आधीच सांगते. विरळ सावलीत मात्र बरंच काही फुलतं.

कुडा मला सगळ्यात आवडतो. पावसाच्या तोंडावर पांढऱ्या फुलांनी भरतो, खर्च शून्य, लाड शून्य. मुरुडशेंगेची विटकरी-लाल फुलं मध पिणाऱ्या शिंजीर पक्ष्यांना खेचून आणतात, आणि पिळाच्या शेंगा मुलांना खेळायला. पारिजातक सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर आपसूक येतो. त्याला अर्धा दिवस ऊन द्या, नाहीतर नुसती खरखरीत पानं बघत बसाल. कामिनी, जिला कुंतीही म्हणतात, भिंतीलगतच्या अर्ध्या सावलीत कुंपणासारखी कापता येते. अबोली आणि कोरांटी पुढच्या ओळीला.

दाट सावलीत फुलांचा हट्ट सोडा. अडुळसा लावा : फांदी खोचली की लागतो, शेळ्या तोंड लावत नाहीत, खोकल्याला घरचं औषध. कढीपत्ता तर मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या झाडांखालीच वाढतो. त्याला मुळांतून फुटवे येतात, तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे लावा, शोभेच्या कोपऱ्यात नको.

सोनटक्का फक्त सांडपाणी किंवा झरा असेल तिथे. त्याची पानं उन्हाळ्यात वाळली तर घाबरू नका, कंद जिवंत असतो.

८. जुन्या आंब्याखाली काहीच जगत नाही. माती बदलून पाहिली, खत घातलं. आता?

आता थांबा. आंब्याच्या अन्न ओढणाऱ्या बारीक मुळांचं जाळं वरच्या थरातच असतं. तुम्ही घातलेलं खत आंब्यानेच खाल्लं, पाणी त्यानेच प्यायलं. वर फूटभर नवी माती टाकून वाफा करायचा मोह होतो, पण त्याने मुळं गुदमरतात आणि खोडाशी ओल साचून साल कुजते. पाला तसाच राहू द्या, कुंड्या ठेवा, बाज टाका. आंब्याखाली बसायची जागा असणं हीच बाग आहे असं माझं स्पष्ट मत, ते कुणाला पटत नाही.

झुडपं हवीच असतील तर फांद्यांच्या घेराच्या बाहेरच्या कडेला लावा, खोडाजवळ नको.

९. घराच्या उत्तरेला वर्षभर सावली असते असं वाचलं. मग आमच्या उत्तरेच्या भिंतीजवळचे नेचे जूनआधी करपले कसे?

ते वाचलेलं युरोपातल्या घरांसाठी खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहोत. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांवर असतो, तेव्हा घराची सावली उत्तरेला घराच्या उंचीइतकी लांब पडते. बारा फुटी भिंतीमागे बारा फूट सावली. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो (नागपुरात शून्य सावली दिवस २६ मेच्या आसपास), आणि जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडूनच जातो. शिवाय या दिवसांत तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन.

ढग येईपर्यंतचे ते आठवडे नेच्यांना घातक. वायव्येला एक कामिनी किंवा अडुळसा आडोशाला लावा, किंवा तेवढे दिवस हिरवी जाळी बांधा. पूर्वेकडची बाजू त्यामानाने सोपी.

१०. सावलीत कोणत्या वेली येतात? मांडवही आहे, भिंतही आहे.

वेल चढते कशी ते आधी बघा. विळखे घालणारीला तार किंवा काठी हवी, मुळांनी चिकटणारीला खरबरीत खोड किंवा भिंत. भिंतीसाठी मनीप्लांट, दाट सावलीतही तक्रार नाही. मांडवाला गुळवेल : खालून सावली, वरून ऊन मिळालं तर खूश, तोडून टाकली तरी तुकड्यातून जगते. मालकांगणी आपल्याच डोंगरातली, पिवळी बोंडं फुटून आत शेंदरी बिया दिसतात तेव्हा बघत राहावी अशी. शतावरी काटेरी पण नाजूक दिसते, मुळांत पाणी साठवते, म्हणून उन्हाळ्याची तिला फिकीर नाही.

मधुमालती आणि बोगनवेल सावलीत लावून "फुलं येत नाहीत" असं विचारू नका. त्यांना ऊनच हवं.

कळलावी रानात फार देखणी दिसते. तिचा कंद विषारी असतो, घरात लहान मुलं असतील तर टाळा. खाजकुयरी कुणी हौसेने लावत नाही, पण कुंपणावर आपोआप येते. शेंगा धरायच्या आत, हातमोजे घालून उपटा.

११. गुळवेल किंवा मालकांगणी चढवली तर मूळ झाड मरतं का?

मोठ्या कडुनिंबावर गुळवेल असेल तर काही बिघडत नाही. मालकांगणी मात्र पुढे लाकडासारखी जाड होते आणि कोवळ्या खोडाला आवळते. मांडीएवढं खोड नसलेल्या झाडावर तिला चढवू नका. वेल शेंड्यापर्यंत पोचून पानं झाकायला लागली की छाटा, मग ती कोणतीही असो.

१२. चिखलदऱ्यात कॉफी होते. आपल्या अंगणात दोन झाडं लावली तर?

लावा, शोभेल. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की चिखलदराच आठवतो. अरेबिका कॉफी मुळात जंगलातल्या सावलीत वाढणारं झुडूप आहे, विरळ सावली तिला मानवते. तीन-चार वर्षांनी फळ धरते. कोरड्या ताणानंतर मार्च-एप्रिलमध्ये एखादी सर आली किंवा पाणी दिलं की पांढऱ्या फुलांनी एकदम फुलते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. दंव तिला सोसत नाही (प्रश्न १५). नागपुरात कुंडीत जगते, पण कपभर कॉफीची आशा धरू नका.

१३. पानवेल सावलीत येते ना? रामटेककडे पाहिली होती.

येते. सावलीतली बाग कशी करायची ते शिकायला मनालीला जायची गरज नाही, रामटेकचे पानमळे आणि अंजनगाव सुर्जीकडची पानपिंपरीची (म्हणजे पिंपळीच्या वेलीची) शेतं बघा. वेलींना आधार आणि सावली देणारी शेवरी-पांगाऱ्यासारखी झाडं मुद्दाम आत लावलेली, वारा अडवायला चहूबाजूंनी कूड, आणि पाणी थोडं थोडं पण सतत. बारी समाजाने हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. घरी एक वेल लावायची तर हेच तीन नियम : विरळ सावली, वाऱ्याला आडोसा, पाणी साचू न देता ओल. पानपिंपरी तर सातपुड्याच्या अगदी पायथ्याला होते, तेव्हा ती आधी करून पाहा.

आणि संत्रं? सावलीत नको. नुसती पानं आणि काटे मिळतील.

१४. लावायचं कधी? आम्ही महिन्यातून एकदाच जातो.

जमीन दीड-दोन फूट ओली झाली की, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीला. पहिल्या सरीवर उडी मारू नका, मध्ये उघडीप पडते. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल, तोही मेमध्ये खणून तापू द्या. उतारावर झाडाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला, वाहतं पाणी तिथे थबकतं. जमीन मोठी असेल तर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर.

पहिली दोन वर्षं पाण्यावाचून चालणार नाही. बुंध्यापासून फूटभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं. गावातल्या कुणाला तरी आठवड्याला ते भरायचे पैसे द्या, आणि पैसे आधी द्या. वर चार बोटं पाला पसरा, बुंध्याला न टेकवता. कुणीच माणूस मिळणार नसेल तर प्रश्न ४ मधली तीन झुडपंच लावा.

१५. दवबिंदू गोठतात तेव्हा काय वाचवायचं?

पचमढीत थंडीत असं होतं. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळून खोलगट जागेत साचते. म्हणून प्लॉटचा सगळ्यात खालचा कोपरा हा सगळ्यात गार कोपरा. कॉफी, पानवेल, मनीप्लांट तिथे नको. उघड्या आकाशाखाली दंव जास्त, झाडाच्या छत्रीखाली कमी, तेव्हा इथे सावली कामाला येते. करपलेली पानं लगेच कापू नका, फेब्रुवारीअखेर फुटवा दिसू द्या.

१६. वानरं, अस्वलं, रानडुकरं. काही राहीलच का?

चिखलदऱ्याभोवतीचा मेळघाट १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या शेजारी बाग करताय, तेव्हा पाहुणे येणारच. जांभूळ, उंबर, मोह, बोर ही अस्वलाची आवडती. झोपायच्या खोलीच्या खिडकीशी ती लावणं शहाणपणाचं नाही. सोनटक्क्याचे कंद रानडुक्कर उकरतं, दगडांची ओळ लावा. वानरं कोवळे शेंडे खुडतात. अडुळसा मात्र सगळ्यांकडून वाचतो.

१७. रातराणीने साप येतात, खरं का?

नाही. सापाला अत्तराची हौस नाही. तो उंदीर आणि बेडकांमागे येतो. दाट झुडूप, साचलेला पाला, रचून ठेवलेल्या विटा असतील तर रातराणी नसतानाही येईल. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवा आणि रात्री टॉर्च घ्या.

१८. जंगलातून दोन-चार रोपं उचलून आणली तर?

अभयारण्यातून रोप, कंद उचलणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. शिवाय उपटून आणलेलं रानरोप बहुतेकदा मरतं, सोटमूळ तुटलेलं असतं. करंज-कोशिंबाच्या ताज्या बिया गावातल्या झाडाखालून घ्या. घाणेरी फुलं छान म्हणून आणू नका, जंगल आधीच तिच्याखाली दबलंय.

१९. आमच्या प्लॉटवरचं जुनं झाड फार सावली करतं. तोडू का?

आधी खालच्या फांद्या काढून बघा, उजेड आत येतो आणि बहुतेकांचं समाधान होतं. तोडायचंच असेल तर नगरपरिषद हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, जमीन तुमची असली तरी. हद्दीबाहेर वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. पचमढी-तामिया मध्य प्रदेशात, तिथले नियम वेगळे.

२०. हीच यादी नागपूरच्या घरी वापरली तर?

कुडा, पारिजातक, अडुळसा, कढीपत्ता, कामिनी, गुळवेल, करंज, बकुळ : सगळी चालतात. कॉफी, हायड्रेंजिया, नेचे यांचं वैर नागपूरच्या मेमधल्या कोरड्या झळांशी आहे. सावलीतही पानांच्या कडा जळतात. त्यांना भिंतींनी वेढलेला चौक द्या आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा.

काळ्या मातीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. साधं फेरस सल्फेट त्या चुनखडीच्या मातीत अडकून पडतं, चिलेटेड लोह वापरा. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय किंवा पाणी जास्त होतंय.

२१. कूलरच्या टाकीतलं पाणी कुंड्यांना घालून राहिलो. वाया कशाला घालवायचं?

कूलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार मागेच राहतात. जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच त्या पाण्यात विरघळलेला असतो. सावलीतल्या कुंडीत पाणी हळू वाळतं आणि क्षार साचत जातात, मग पानांची टोकं तपकिरी होतात. ते पाणी बाहेरच्या कडुनिंबाला घाला, त्याचं काही बिघडत नाही. आतापर्यंत घातलं असेल तर कुंडीतून भोकावाटे भरपूर वाहून जाईल इतकं साधं पाणी दोनदा सोडा, आणि पांढरी पडलेली वरची बोटभर माती खरवडून बदला.